कारखान्याची की कारागिराची?

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूर नावाचं नेमबाजीचं मैदान होतं. २६ सप्टेंबर १८७४ रोजी तिथे हजारोंची गर्दी लोटली होती. आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात सामना होता. दोन्हीकडे सहा-सहा नेमबाज. ८००, ९०० आणि १००० यार्ड अशी तीन अंतरं. प्रत्येक अंतरावर माणशी पंधरा गोळ्या. दुर्बीण लावायला बंदी. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर, आणि एवढ्या लांबवर नुसत्या डोळ्यांनी नेम धरायचा.

आयरिश मंडळी आदल्याच वर्षी विंबल्डनची एल्को शील्ड ही नेमबाजीची स्पर्धा जिंकून आली होती. त्यांच्या हातात डब्लिनच्या रिग्बी या नामांकित पेढीच्या रायफली होत्या. तोंडाकडून दारू आणि गोळी ठासून भरायची, एकेक नग कारागिराच्या हाताखालून गेलेला. पेढीचे मालक जॉन रिग्बी स्वतःच संघातून खेळत होते. अमेरिकेत मात्र असल्या अंतराची रायफल कुणी बनवतच नव्हतं. आव्हान आल्यावर रेमिंग्टन आणि शार्प्स या दोन मोठ्या कारखान्यांनी काही महिन्यांत ती तयार केली, तीही मागून काडतूस भरायची. जाणकारांचा कौल उघडपणे डब्लिनच्या बाजूनं होता.

शेवटची गोळी शिल्लक असताना आयर्लंड एका गुणानं पुढे होतं. ती गोळी कर्नल जॉन बोडाइन यांची होती. थोड्याच वेळापूर्वी हातात जिंजर बियरची बाटली फुटून त्यांच्या तळहाताला खोल जखम झाली होती. रुमाल गुंडाळून ते पालथे पडले आणि गोळी थेट मधल्या काळ्यात बसली. चार गुण. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. आयर्लंडच्या मिल्नर यांनी एक गोळी नेमकी मध्यभागी मारली होती, पण शेजारच्या भलत्याच लक्ष्यावर. तिचे गुण शून्य. ते चार गुण धरले असते, तर इतिहास उलटा लिहिला गेला असता.

कारखान्याची रायफल कारागिराच्या रायफलीला हजार यार्डांवर हरवू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झालं. निकाल मात्र ठरला तो एका माणसाच्या चुकीनं आणि दुसऱ्याच्या धीरानं. दीडशे वर्षं उलटली, तरी लांब पल्ल्याची रायफल घ्यायला निघालेला प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो: दुकानातली तयार घ्यावी की कारागिराकडून बांधून घ्यावी? माझं मत आधीच सांगतो. पहिली रायफल कारखान्याची घ्यावी आणि उरलेले पैसे गोळ्यांत घालावेत. कारागिराकडे जावं ते पहिली नळी झिजवल्यावर. असं का, ते समजण्यासाठी रायफल आतून पाहावी लागते.

नळीच्या आत

रायफलीची अचूकता सर्वाधिक अवलंबून असते ती नळीवर, म्हणजे बॅरलवर. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात आणि त्या फिरकीमुळे गोळी हवेत स्थिर राहते. या खाचा पाडायच्या तीन मुख्य रीती आहेत. मोठे कारखाने बहुधा हातोड्याची रीत वापरतात: खाचांचा उलटा ठसा असलेला कठीण दांडा नळीत घालायचा आणि बाहेरून यंत्राच्या हातोड्यांनी नळी त्यावर ठोकून बसवायची. काही मिनिटांत नळी तयार होते, आणि ती टिकाऊही असते. दुसरी रीत बटणाची. टंगस्टन कार्बाइडचं बटण नळीतून ओढून काढायचं, म्हणजे खाचा दाबल्या जातात. तिसरी रीत सर्वात जुनी आणि संथ. एक बारीक कटर एकेका खाचेतून पुन्हापुन्हा फिरवायचं आणि दर फेरीला केसाहूनही पातळ थर खरवडायचा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या क्रीगर आणि बार्टलिन या कंपन्या याच रीतीसाठी ओळखल्या जातात. खाचा पाडून झाल्यावर नळीत शिशाचा गोळा ओतून, त्याला घासणारी पूड लावून, आतला भाग हातानं घोटतात. कस्टम रायफल बांधणारे गनस्मिथ नळ्या घेतात त्या अशा ठिकाणांहून.

गनस्मिथचं खरं कसब दिसतं ते त्यानंतर, लेथवर. नळीचा बाहेरचा गोल आणि आतलं छिद्र यांचे मध्य तंतोतंत जुळत नाहीत. ड्रिलचा मार्ग लांबवर गेला की किंचित भरकटतोच. म्हणून तो डायल इंडिकेटरची सुई थेट छिद्रात घालतो आणि सुई हलेनाशी होईपर्यंत नळी चकमध्ये सरकवत राहतो. मग चेंबर कोरतो, म्हणजे काडतूस बसायची जागा. काडतूस बसल्यावर मागे किती मोकळीक राहते, ते गेज घालून इंचाच्या हजाराव्या भागात मोजतो. बोल्टचे पुढचे दोन्ही कान ॲक्शनमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागात, सारखे टेकतात का, हे पाहतो. शेवटी नळीचं तोंड कातून काढतो. तिथे एक ओरखडा राहिला, तरी बाहेर पडताना गोळीला धक्का बसतो.

कारखान्याला यातली एक गोष्ट करता येत नाही, आणि तिचं कारण आळस नव्हे. बाजारात येणारं कुठल्याही कंपनीचं काडतूस त्या रायफलीत सुखरूप बसलं पाहिजे, ही कारखान्याची जबाबदारी असते. म्हणून त्याचं चेंबर थोडं सैल असतं. गनस्मिथ मात्र एका ठरावीक गोळीसाठी रीमर, म्हणजे चेंबर कोरायचं हत्यार, बनवून घेऊ शकतो, कारण ती रायफल एकाच माणसाच्या हाती जाणार असते. कस्टम आणि कारखाना यांतला मूळ फरक इथेच आहे. एक रायफल सर्वांसाठी असते, दुसरी एकासाठी.

फरक किती, आणि कुठे

हा फरक आकड्यांत काय भरतो? नेमबाज गोळ्यांचा पुंजका, म्हणजे ग्रुप, कोनात मोजतात. एक मिनिट कोन म्हणजे शंभर मीटरवर साधारण २९ मिलिमीटर. फिनलंडची टिक्का कंपनी आपल्या रायफलीसाठी तीन गोळ्यांच्या ग्रुपला एका मिनिटाच्या आत राहण्याची हमी देते. अर्थात तीन गोळ्या चांगल्या पडणं वेगळं आणि वीस गोळ्या पडणं वेगळं, हे लक्षात ठेवलेलं बरं. चांगल्या गनस्मिथनं बांधलेल्या रायफलीकडून अर्ध्या मिनिटाची अपेक्षा धरतात, आणि ती बहुधा पुरी होते.

हजार यार्डांवर एक मिनिट म्हणजे साधारण २७ सेंटिमीटर आणि अर्धा मिनिट म्हणजे १३ सेंटिमीटर. ग्रुपच्या मध्यापासून पाहिलं, तर दोन रायफलींत फरक पडतो तो सहा-सात सेंटिमीटरचा. आता वाऱ्याकडे पाहू. ६.५ क्रीडमूर हे लांब पल्ल्यासाठी सध्याचं सर्वात परिचित काडतूस. हॉर्नडी कंपनीनं ते २००७ मध्ये आणलं आणि त्याला त्या जुन्या मैदानाचं नाव दिलं. ताशी दहा मैलांचा आडवा वारा त्याची गोळी हजार यार्डांवर सुमारे दीड मीटर बाजूला ढकलतो. म्हणजे वारा ओळखताना ताशी दोन मैलांची चूक झाली, तर गोळी तीसेक सेंटिमीटर बाजूला जाते. गवताची लवण आणि मृगजळाची तिरकी धाव पाहून अनुभवी माणूसही दोन मैलांनी चुकतो. बॅलिस्टिक्सचे अभ्यासक ब्रायन लिट्झ यांनी हेच गणित सविस्तर मांडलं आहे: अंतर वाढलं की रायफलीच्या बारीकसारीक फरकापेक्षा वाऱ्याचा अंदाज जास्त नेम चुकवतो.

आता पैशांचा हिशोब. रुगर कंपनीनं २०१५ मध्ये प्रिसिजन रायफल बाजारात आणली, तेव्हा तिची छापील किंमत १,३९९ डॉलर होती. पूर्ण कस्टम रायफल दुर्बिणीशिवायच चार ते सहा हजार डॉलरच्या घरात जाते. ६.५ क्रीडमूरची नळी अडीच ते तीन हजार गोळ्यांनंतर थकते. जळत्या दारूच्या झोतानं चेंबरपुढच्या खाचांना तडे जातात. मॅच दर्जाचं काडतूस दीड-दोन डॉलरला पडतं. म्हणजे एक नळी झिजेपर्यंत गोळ्यांवरच पावणेचार ते सहा हजार डॉलर जातात. या खेळात रायफल ही सर्वात मोठी खरेदी नसते, गोळ्या असतात. सगळे पैसे रायफलीत ओतून गोळ्यांच्या बाबतीत हात आखडणारा नेमबाज वारा वाचायला शिकतच नाही.

एकाच ॲक्शनच्या दोन वाटा

हा वाद फक्त हौशी लोकांचा नाही. अमेरिकेच्या दोन सैन्यदलांनी तो दशकानुदशकं प्रत्यक्ष जगून पाहिला. दोघांचा आरंभ एकाच ॲक्शनपासून झाला, रेमिंग्टन ७०० पासून. ही रायफल १९६२ मध्ये आली. ॲक्शन गोल नळकांड्यासारखी असल्यानं लेथवर घेऊन सुधारायला ती सोपी, आणि म्हणूनच गनस्मिथांची लाडकी.

मरीन कोअरनं १९६६ मध्ये तिच्यावर आधारित एम ४० व्हिएतनामला पाठवली. तिथल्या दमट हवेत लाकडी दस्ते फुगले आणि ॲक्शनवरचा दाब बदलून नेम सरकू लागले. तेव्हा मरीन्सनी व्हर्जिनियातल्या क्वांटिको इथल्या आपल्या कारागिरांना कामाला लावलं. त्यांनी फायबरग्लासचे दस्ते आणि जाड नळ्या बसवून रायफली हातानं बांधल्या. ती एम ४० ए १. हीच परंपरा पुढच्या कितीतरी वर्षांत नव्या आवृत्त्यांमधून चालत राहिली. लष्करानं दुसरी वाट धरली. १९८८ मध्ये त्यांनी रेमिंग्टनकडून एम २४ तयारच घेतली: रायफल, दुर्बीण, पेटी, सुटे भाग असा संपूर्ण संच.

दोन्ही रायफलींनी चोख काम केलं. मरीन्सना मिळाला प्रत्येक रायफलीवर फिरलेला जाणता हात. लष्कराला मिळाला एकसारखेपणा: कुठल्याही तळावर तोच भाग मिळेल, तीच दुरुस्ती चालेल. शेवटी दोन्ही दलं बॅरेट कंपनीच्या एमके २२ या कारखान्याच्याच रायफलीवर येऊन पोचली. तिची नळी सैनिक स्वतः बदलू शकतो आणि वेगवेगळ्या काडतुसांसाठी वेगवेगळ्या नळ्या लावू शकतो. नळी बसवणं हे एके काळी केवळ गनस्मिथचं काम होतं. आज ते एका पान्यावर आलं आहे.

नागरी बाजारातही हेच घडलं. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांमुळे ॲक्शनची मापं इतकी एकसारखी झाली, की नळी दुसऱ्या राज्यात बनवून टपालानं येते आणि घरच्या टेबलावर बसते. त्यामुळे कस्टम आणि कारखाना यांच्यामधली भिंत बरीच खाली आली आहे. तयार ॲक्शन, लाकडी दस्त्याऐवजी धातूचा सांगाडा म्हणजे चॅसी, आणि त्यावर नामांकित कंपनीची नळी, अशी मधली वाट आता बहुतेक शहाणे नेमबाज धरतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या प्रिसिजन रायफल सिरीज या स्पर्धामालिकेत तर कारखान्याच्या रायफलींसाठी किमतीची मर्यादा घातलेला स्वतंत्र गट असतो. अव्वल गटात मात्र आजही कस्टम रायफलींचंच राज्य आहे. तिथे पहिला आणि दहावा यांच्यात थोड्याच गोळ्यांचं अंतर असतं, आणि तेवढ्यासाठी अर्ध्या मिनिटाची किंमत मोजावीच लागते.

पोर्ट्समथहून कोल्हापूरपर्यंत

या चॅसीचा उगम एका नेमबाजाच्या कार्यशाळेत आहे. ब्रिटनचे माल्कम कूपर यांनी १९८४ आणि १९८८ अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये सुवर्णपदक मिळवलं. १९७८ मध्ये पोर्ट्समथ इथे त्यांनी सहकाऱ्यांसह ॲक्युरसी इंटरनॅशनल ही छोटी कंपनी काढली. लाकडाऐवजी ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर ॲक्शन घट्ट बसवायची, ही त्यांच्या रायफलीची कल्पना. ब्रिटिश सैन्यानं ती एल ९६ म्हणून स्वीकारली. आज जगभरातले कारखाने जी चॅसी रायफल विकतात, तिची घडण एका ऑलिंपिक विजेत्याच्या हातातून निघाली आहे. कारखान्यांना दिशा मिळते ती कारागिरांकडूनच.

कूपर यांच्या त्याच क्रीडाप्रकारात १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथे कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक जिंकलं. या प्रकारातलं भारताचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे दुसरं वैयक्तिक पदक. पात्रता फेरीत साठ गोळ्यांत ५९० गुण मिळवून तो सातवा आला. ५८९ गुणांवर त्याचा सहकारी ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर अकरावा राहिला आणि अंतिम फेरी हुकली. एका गुणाचा हा फरक.

इथे अंतर हजार यार्डांचं नाही, ५० मीटरचं आहे, आणि काडतूस पॉइंट टू टूचं. तरी प्रश्न तोच राहतो, फक्त मापं बारीक होतात. दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. जर्मनीतल्या उल्म शहरातल्या आन्शुत्झ आणि वॉल्थर यांच्या तयार रायफली जगभर वापरतात. स्वित्झर्लंडमधल्या ब्लायकर किंवा ग्रुनिग ॲन्ड एल्मिगर यांच्या छोट्या कार्यशाळांतून येणाऱ्या रायफली त्याहून महाग असतात आणि त्यांची वाट पाहावी लागते. अव्वल नेमबाजांच्या हातात दोन्ही दिसतात.

या खेळात रायफल शरीराला बसणं ही निम्मी लढाई असते. थ्री पोझिशन्स म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून. प्रत्येक वेळी गाल टेकायची पट्टी, खांद्यामागची प्लेट, हाताचा टेकू, सगळं बदलतं. नेमबाज दस्त्यावर पेन्सिलीनं किंवा पट्टीनं खुणा करतो, ॲलन की फिरवून एकेक भाग त्या खुणेवर आणतो आणि प्रत्येक पोझिशनची मापं डायरीत टिपून ठेवतो. आज कारखान्याच्या दस्त्यातही हे सगळे भाग सरकतात. वाढत्या वयाच्या मुलासाठी तर हाच दस्ता बरा. चौदाव्या वर्षी अंगाला बेतून घेतलेला दस्ता सोळाव्या वर्षी आखूड पडतो.

आणखी एक काम असतं, बाहेरच्यांना सहसा न दिसणारं: गोळ्यांचे लॉट, म्हणजे एका वेळी बनलेले गट, तपासणं. लांब पल्ल्याचे अमेरिकन नेमबाज काडतूस घरी स्वतः भरतात, दारू ग्रेनच्या दशांशापर्यंत मोजतात. पॉइंट टू टूचं काडतूस घरी भरता येत नाही. म्हणून बर्मिंगहॅमच्या एली कंपनीच्या किंवा लापुआ कंपनीच्या जर्मनीतल्या चाचणी केंद्रात रायफल नेतात. दस्ता काढून ॲक्शन लोखंडी पकडीत आवळतात आणि एकेका लॉटच्या गोळ्या ५० मीटरवर झाडतात. पडद्यावर ग्रुप उमटत जातात. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या डब्यांतला एक लॉट एका भोकात पडतो आणि दुसरा पसरतो. दुसऱ्या नळीत नेमकं उलटही होतं. आवडलेल्या लॉटचा क्रमांक लिहून घेऊन त्याच लॉटच्या गोळ्या वर्षभरासाठी मागवतात. मधल्या दर्जाची नळी आणि तिला मानवलेला लॉट ही जोडी महागड्या नळीला आणि न मानवणाऱ्या लॉटला सहज हरवते.

महाराष्ट्रानं हा खेळ आधीच ओळखला होता. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, विश्वविजेतेपद मिळवलं, ६०० पैकी ५९७ गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली. अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे यांची पिढी तिच्याही आधीची. दीपाली देशपांडे पुढे स्वप्नीलच्या प्रशिक्षक झाल्या. आपल्या मातीत शिकवणारे आहेत, परंपरा आहे. तोकडे पडतात ते गोळ्या आणि चाचणीसाठीचे पैसे.

निवाडा

म्हणून रायफल घ्यायला निघालेल्यांना, आणि मुलांना रेंजवर पाठवणाऱ्या आई-वडिलांना, माझं स्पष्ट सांगणं आहे.

पहिली रायफल कारखान्याची, चांगल्या नावाची, दस्त्याचे भाग सरकणारी घ्या. क्लबची मिळत असेल तर आधी तीच वापरा. लांब पल्ल्यासाठी असेल, तर दुर्बिणीवर पैसे राखून ठेवा, कारण जे दिसत नाही ते मारता येत नाही. बाकीचा पैसा गोळ्या, लॉटची चाचणी आणि स्पर्धांचा प्रवास यांत घाला. प्रत्येक सरावाची नोंद ठेवा: वारा, लॉट, पोझिशन, गुण. नळी झिजत आली की ती वही उघडा. चुका वाऱ्याच्या आणि श्वासाच्या असतील, तर नवी नळी बसवून पुढे चला. पकड आणि श्वास बिनचूक असूनही रायफल साथ देत नाही असं वही सांगत असेल, तर मात्र कारागिराकडे जा. तेव्हा त्याला काय हवं ते मिलिमीटरमध्ये सांगता येईल, आणि त्याच्या कसबाचा प्रत्येक पैसा वसूल होईल.

आणि राज्याच्या क्रीडा खात्याला व संघटनांना एक विनंती: गुणवान मुलांना रायफल घेऊन देण्याचा सोहळा करता, तसाच वर्षभराच्या गोळ्यांचा आणि लॉट-चाचणीचा खर्चही उचला. पुढचं पदक हवं असेल, तर पैसा तिथे लागणार आहे.